डोक्याशी बसायची जागा

पॅरामेडिकच्या कोर्सला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका झोपलेल्या माणसाची छाती दाबली.

माणूस काळेवाडीत कंपनीच्या बसथांब्यावर आडवा झाला होता. तिसरी शिफ्ट करून आलेला, डबा उशाला, तोंड उघडं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती जोरात दाबायची, भराभर दाबायची आणि थांबायचं नाही, हे मी आदल्याच दिवशी शिकलो होतो. यातलं ‘हृदय बंद पडलेल्या’ एवढं सोडून बाकी सगळं माझ्या चांगलं लक्षात होतं. मी गुडघे टेकले, कोपर ताठ केले आणि सुरू झालो. थोड्याच वेळात तो मनुष्य उठला आणि त्यानं उशाचा डबा माझ्या कानशिलावर घातला. डबा स्टीलचा होता आणि रिकामा होता, हे माझं नशीब. मग त्यानं माझी कॉलर धरली आणि माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून पत्ता वाचत मला आमच्या संस्थेत आणून उभं केलं. संस्था म्हणजे एका टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथं ओव्हाळ मॅडम शिकवायच्या.

मॅडमनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला, बरगड्या चाचपून पाहिल्या आणि मग माझ्याकडं वळल्या.

‘हाक मारली होतीस?’

‘नाही मॅडम.’

‘खांदा हलवलास? श्वास बघितलास?’

‘वेळ गेला असता, मॅडम.’

‘कुणाचा?’

मॅडम त्या माणसाला म्हणाल्या, ‘दादा, याच्या वतीनं मी माफी मागते. मोडलेलं काही नाही, चार दिवस दुखेल. श्वास घेताना जास्तच दुखायला लागलं तर परत या. पण एक आहे, हात अगदी बरोबर जागी पडलाय त्याचा.’

हे त्यांनी केलेलं माझं पहिलं कौतुक. दुसऱ्याची मी अजून वाट बघतोय.

ओव्हाळ मॅडम ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, सेकंदाचा काटा लाल. वडील कारखान्यात फिटर होते. त्यांनी भोंगा ऐकत जन्म काढला आणि जाताना तो मुलीच्या घशात बसवून गेले, असं आम्ही म्हणायचो. अर्थात मॅडम जिन्याखाली उतरल्यावर. मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाच्या सिस्टर म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली होती. नोकरी का सोडली, असं विचारलं तर म्हणायच्या, ‘तिथं माझं ऐकणारे सगळे बेशुद्ध होते.’ नम्रतेशी त्यांची ओळख नव्हती. मी चुकत नाही, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. सगळ्यांना ते ठाऊक आहे असं धरून चालायच्या. त्यांच्या तोंडी ‘बरं’ ही सर्वांत वरची शाबासकी होती आणि ‘हुशार आहेस’ ही सर्वांत घाण शिवी.

वर्गात कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा होता. त्याचं नाव मॅडमनी सुरेशभाऊ ठेवलं होतं. सुरेशभाऊ प्रेसशॉपला कामाला, साखरेचा त्रास, बायकोपासून तंबाखू लपवतो, एवढं चरित्र आम्हाला पाठ. सोमवारी त्याला हार्ट अटॅक यायचा, मंगळवारी साप चावायचा, बुधवारी तो मोटरसायकलवरून पडायचा. पोरींच्या आग्रहाखातर एकदा तो बाळंतसुद्धा झाला. पण कुठल्याही दिवशी त्याला हात लावण्याआधी खांद्यावर थोपटून ‘सुरेशभाऊ, ऐकू येतंय का?’ असं विचारायला लागायचं. माझी पाळी आली की मॅडम स्वतःच पुढं म्हणायच्या, ‘सुरेशभाऊ, उठा, हा आलाय.’

त्यांचे नियम थोडे होते. धावायचं नाही, धावत गेलेला माणूस पोचल्यावर आधी स्वतःचा श्वास शोधतो. उपाशी ड्यूटीवर यायचं नाही. आणि ‘पेशंट सिरियस आहे’ असं म्हणायचं नाही. ‘तोंडावरून सगळेच सिरियस असतात,’ त्या म्हणायच्या. ‘श्वास आहे का, रक्त कुठून जातंय, शुद्ध आहे का, हे सांग. तुझं मत घरी सांग.’

हा कायदा घरीही लागू होता. एकदा वर्ग चालू असताना नवऱ्याचा फोन आला, मुलगा जिन्यावरून पडला म्हणून. मॅडमच्या एका हातात सुरेशभाऊचा जबडा होता. तो न सोडता त्यांनी विचारलं, ‘रडतोय का? जोरात? बरं. उलटी? डोकं आपटलंय का? मग हातपाय हलवायला सांगा आणि रडू दे.’ फोन ठेवून आम्हाला म्हणाल्या, ‘ओरडणाऱ्या पेशंटचा श्वास चालू असतो, हे तो स्वतःच सांगत असतो. चार जण पडले असतील तर जो गप्प आहे त्याच्याकडं आधी जायचं.’ तास संपल्यावर मात्र त्या जिना उतरताना धावल्या. आम्ही खिडकीतून बघितलं.

आता माझं दुखणं सांगतो. ॲम्ब्युलन्समध्ये जागांना मान असतो. पेशंटच्या डोक्याशी जो बसतो, त्याच्या हातात त्याचा श्वास असतो. मान सरळ ठेवणं, जबडा उचलणं, ऑक्सिजन देणं, सगळं त्याचं. बाकीचे पाय धरतात, स्ट्रेचर ढकलतात आणि नातेवाइकांच्या राहिलेल्या चपला गोळा करतात. मॅडम प्रत्येकाला कधी ना कधी डोक्याशी बसवायच्या आणि तिथं निभावलं नाही त्याला पास करायच्या नाहीत. माझ्या बॅचमधले सगळे बसून झाले. मी पायाशीच. तिकडं गावी उदगीरला वडलांनी भावकीत सांगून ठेवलेलं, आपला बालाजी डॉक्टरकीच्या जवळपासचं काहीतरी शिकायलाय. त्या ‘जवळपास’मध्ये चपला गोळा करणं येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

‘मॅडम, मला डोक्याशी कधी बसवणार?’ मी विचारायचो.

‘सुरेशभाऊंनी परवानगी दिली की.’

आठवड्यातले काही दिवस आमची ड्यूटी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात असे. चार-पाच कंपन्यांनी मिळून एक ॲम्ब्युलन्स ठेवली होती, तिच्यावर मॅडम प्रमुख आणि आम्ही शिकाऊ आळीपाळीनं. ड्रायव्हर किसनमामा तिथल्याच निघोजे गावचे. ज्या कंपनीत त्यांचं शेत गेलं, तिच्याच गेटवर पास दाखवून त्यांना आत जायला लागायचं. पास बघणारा पोरगा बिहारचा. मामा त्याला रोज सांगायचे, ‘तू हुबा हाईस ना, तिथं आमची हीर व्हती.’ तो रोज म्हणायचा, ‘पास दिखाओ, मामा.’

प्रत्येक गेटवर एक हिरवा बोर्ड असे, अपघाताविना इतके दिवस. तो आकडा जपणं हे सुपरवायझरचं पहिलं काम. त्यामुळे कंपनीत कुणालाच काही होत नसे. सगळे घरूनच आजारी होऊन येत, नाहीतर पिऊन पडत.

नवरात्रात असाच एक पिऊन पडला. पेंटशॉपमधला मनुष्य, घामानं भिजलेला, बेशुद्ध. भोवती कोंडाळं. एक जण पाण्याची बाटली उघडून तयार. दुसऱ्यानं हुंगवण्यासाठी पायातलं काढलं होतं. कंपनीत चपला चालत नाहीत, म्हणून सेफ्टी शू.

‘तो बूट घाल पायात,’ मॅडम म्हणाल्या. ‘शुद्धीवर आला तरी त्या वासानं परत जाईल. आणि पाणी लांब ठेव. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी पोटात जात नाही, फुप्फुसात जातं.’

सुपरवायझर हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, पिऊन आलाय. मागच्या गेटनं घेऊन जाता का जरा?’

मी वाकलो, हुंगलो आणि जाणकाराच्या आवाजात सांगितलं, ‘वास येतोय, मॅडम.’

‘कसला?’

‘दारूचा.’

मॅडमनी मला बाजूला केलं आणि त्याच्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. साखर तळाला गेली होती. साखर उतरवायची गोळी घेतलेली आणि वर नवरात्राचा कडक उपास. वास थिनरचा होता. पेंटशॉपच्या माणसाला दुसरा कसला येणार? मॅडमनी शिरेतून ग्लुकोज सोडलं. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि पहिला प्रश्न सुपरवायझरला विचारला, ‘साहेब, खाडा नाही ना लागला?’

परत येताना मॅडम खिडकीबाहेर बघत मला म्हणाल्या, ‘नाकानं निदान करायचं असेल तर पोलिसात जा. तिथं कुत्र्यांची भरती असते.’

एवढ्यावर सुधारलो असतो तर पुढचं घडलं नसतं. पण मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या भागात यंत्र चालत नाही आणि माणूस बसत नाही. लेथ धुतात, प्रेसला हार घालतात, फोर्कलिफ्टला आंब्याची पानं बांधतात, वेल्डिंग मशीनला हळदकुंकू लागतं. किसनमामांनी पहाटेच गाडी धुऊन तिच्या नाकावर झेंडूचा हार चढवला होता. मला वाटलं, गाडीची पूजा आणि आपल्या औजारांनी काय पाप केलंय? मी गाडीच्या शेडमध्ये टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर घातली आणि गाडीतलं एकेक बाहेर काढलं. विड्याच्या पानावर ऑक्सिजनच्या सिलिंडरची किल्ली. ब्लडप्रेशरच्या यंत्राची नळी नागासारखी वेटोळं करून. आणि मधोमध, मूर्तीच्या जागी, श्वास द्यायची बॅग. म्हणजे तोंडावर मास्क धरून हातानं दाबायचा तो रबरी फुगा. त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. फोटो काढून गावाकडं पाठवला.

मॅडम बौद्ध. त्यांचा दिवस दुसऱ्या दिवशी होता, धम्मचक्र प्रवर्तनाचा. पांढऱ्या साडीला इस्त्री करायची राहिलीय, हे त्यांनी सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. टेबलाकडं बघून म्हणाल्या, ‘तुमचा देव तुमचा, बॅग माझी. झालं की जागच्या जागी ठेव.’ मग त्यांनी पेढा मात्र मागून घेतला. पेढ्याच्या बाबतीत त्या कुठलाच भेद पाळत नसत.

आरती सुरू व्हायच्या आधीच फोन आला. निघोज्याच्या अंगाला एका कंपनीत पूजा चालू असताना कामगाराला शॉक लागला होता. मामांनी हातातला नारळ तसाच गाडीत टाकला आणि आम्ही निघालो. पुढं हार, दारावर तोरण, आत नारळ. पेढ्यांचा पुडाही मी आठवणीनं घेतला होता.

कंपनीत प्रेसवर रोषणाईची माळ सोडली होती आणि मशीन नुकतंच धुतलेलं होतं, तेवढंच पुरलं. माणूस खाली पडलेला. भोवती पन्नास जण आणि प्रत्येकाचं वेगळं मत. मी त्याच्याकडं झेपावलो, तो मॅडमनी मागून माझा शर्ट धरला.

‘मेन बंद आहे का?’

‘आहे, आहे,’ सगळे म्हणाले.

‘ज्यानं स्वतःच्या हातानं बंद केला, त्यानं हात वर करा.’

एकही हात वर आला नाही. मग कुणीतरी पळालं. खटका पडला आणि माळेतले दिवे विझले. तोवर ते लुकलुकत होते, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. हाक मारली, छातीकडं बघितलं, मानेवर बोटं ठेवली. ‘नाडी आहे. श्वास नाही. बॅग दे.’

मी गाडीतला बॅगेचा खण उघडला. आत पेढे होते.

‘बॅग,’ मॅडम पुन्हा म्हणाल्या.

‘पूजेला आहे, मॅडम.’

‘ऑक्सिजन?’

‘किल्ली पूजेला आहे.’

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘डोक्याशी बस.’

इतके महिने मागत होतो ती जागा मला अशी मिळाली.

‘पडताना मान आपटली असेल, मान हलवायची नाही. दोन्ही हातांनी जबडा पुढं उचलून धर. सोडलास तर त्याच माळेला बांधीन तुला.’ त्यांनी त्याच्या तोंडातून दिसेल तो चोथा बोटानं काढला, नाक दाबलं, स्वतःचं तोंड त्याच्या तोंडावर लावलं आणि श्वास सोडला. छाती वर आली. गर्दीतून कुणीतरी ‘आरं बापरे’ म्हणालं. मॅडमनी मान वर करून दुसरा श्वास घेतला.

किसनमामा हात जोडून उभे होते. ‘व्हईल का वो मॅडम याचं काय?’

‘मामा, हात सोडा. छाती वर येते का, ते दर वेळी सांगा. बाकीचं मग.’

मग तेच चाललं. मॅडम श्वास द्यायच्या, मामा म्हणायचे, ‘आली.’ मॅडम मधूनमधून नाडी बघायच्या. माझी बोटं बधिर झाली होती, घाम डोळ्यात उतरत होता आणि त्या माणसाचं तोंड माझ्या दोन हातांत होतं. दाढीचे खुंट टोचत होते. त्याची बायको गेटवर आलीय, असं कुणीतरी सांगितलं. तिला आत सोडू नका, तिथला सुपरवायझर म्हणाला. सोडा, मॅडम म्हणाल्या. ती आली, नवऱ्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं आणि फरशीवर बसून राहिली. रडलीसुद्धा नाही. मी जबडा सोडला नाही. त्या दिवशी मी बरोबर केलेली गोष्ट तेवढीच.

‘आली,’ मामा म्हणाले. मग, ‘आली.’ मग थोडं थांबून, ‘मॅडम, आता तर तुमी फुंकलं न्हाई तरी आली की वर.’

तो खोकला. माझ्या हातात खोकला.

हॉस्पिटलकडं जाताना डोक्याशी मॅडम बसल्या, मी परत पायाशी. पेशंट ताब्यात दिल्यावर त्या नळावर गेल्या आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिल्या. मी टॉवेल घेऊन उभा. शेवटी तोंड पुसत म्हणाल्या, ‘तंबाखू होती. चुना जास्त घालतो तो.’ माझ्याबद्दल एक शब्द नाही. मामांनी पेढे पुढं केले. त्यांनी घेतला. मी हात पुढं केला तर मामांनी पुडा मिटला.

माणूस वाचला. दिवाळीच्या आधी कामावरही आला. गेटवरचा आकडा मात्र बदलला नाही. पूजेचा दिवस कामाचा धरत नाहीत, असं सुपरवायझरनं सांगितलं.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी मॅडम विहारात होत्या, म्हणून मी एक दिवस सुखात काढला. त्यानंतरच्या तासाला सुरेशभाऊ कोपऱ्यात उभा होता. टेबल रिकामं.

‘झोप टेबलावर,’ मॅडम मला म्हणाल्या. ‘श्वास सोड आणि थांब. मी बॅग लपवलीय. पोरं शोधतील. सापडेपर्यंत घ्यायचा नाही.’

पोरं शोधायला लागली. कपाटं उघडली, पिशव्या पालथ्या घातल्या. माझ्या कानात ढोल वाजायला लागले, डोळ्यांपुढं काजवे आले. पोरं अजून पहिल्याच खोलीत होती. मी हंबरल्यासारखा श्वास घेतला आणि उठून बसलो.

‘मेलास,’ मॅडम घड्याळाकडं बघत म्हणाल्या. ‘आता उदगीरला तुझ्या आईला फोन कोण करणार, ते ठरवा.’

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, आणि मॅडमनाही. बॅग त्यांनी खाली टाइल्सच्या दुकानात ठेवली होती. तेव्हापासून मी गाडीवर चढलो की आधी तो खण उघडतो. लग्नाला निघालो तरी वाटेत उभ्या असलेल्या परक्या ॲम्ब्युलन्समध्ये डोकावतो. बायको म्हणते, हा रोग आहे.

शेवटी मॅडमनी मला पास केलं. मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाल्या, ‘जबडा धरून ठेवलास म्हणून. बाकीचं विचारू नकोस, विचारलंस तर मलाच विचार करायला लागेल.’

पुढं मी देहूरोड-काळेवाडी भागातल्या गाडीवर लागलो. किसनमामाही तिकडची नोकरी सोडून माझ्याबरोबर आले. याच्याकडं बघायला कुणीतरी पायजे, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. आता डोक्याशी मीच बसतो. शिकाऊ पोरांना पायाशी बसवतो आणि आवाज शक्य तितका मॅडमसारखा काढतो. निघत नाही.

गेल्या वर्षी काळेवाडीच्या भाजीबाजारातून बोलावणं आलं, बाई पडल्यात म्हणून. पोचलो तर रस्त्याच्या मधोमध मॅडम आडव्या. मेथीची जुडी पोटावर, आणि एका हातानं स्कूटरवाल्यांना कडेनं जायला सांगत होत्या. एक दणकट भाजीवाला त्यांना बगलेत धरून उठवायच्या बेतात होता.

‘हात लावलास तर बघ,’ त्या त्याला सांगत होत्या. ‘खुब्यात मोडलंय. पाय बाहेर वळलाय, आखूड झालाय, दिसत नाही का तुला?’ मग मी दिसलो. ‘दुसरी गाडी नव्हती का?’

‘हीच जवळ होती, मॅडम.’

‘शुद्ध आहे, श्वास आहे, डोकं आपटलेलं नाही. नाडी मी मोजलीय. तू परत मोज, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.’

मी मोजली. पायाच्या बोटांकडं जाणारं रक्त चालू आहे का, ते तपासलं, पाय आहे तसा आधार देऊन बांधला, सगळ्यांनी मिळून हळूच उचललं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. ओरडल्या मात्र नाहीत, आणि त्या गप्प राहिल्या म्हणून मी जास्त घाबरलो.

गाडीत मी डोक्याशी बसलो. ऑक्सिजन लावला, खांदे धरले. प्रत्येक गतिरोधकाला त्यांची मूठ स्ट्रेचरच्या दांडीवर घट्ट व्हायची. केसांत पुष्कळ पांढरं आलं होतं. मला वाटलं, म्हणतील, ऊठ, पायाशी जा. नाही म्हणाल्या. डोळे मिटून घेतले आणि डोकं माझ्या हातावर टेकू दिलं. मग थोड्या वेळानं तशाच म्हणाल्या, ‘हात थरथरतोय तुझा.’

‘नाही मॅडम.’

‘मला कळतंय ना. मामा, गाडी बाजूला घ्या आणि तुम्ही मागं या. चालवायचं हा बघेल.’

‘मॅडम, मला गाडी चालवता येत नाही.’

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ‘मग इथं तरी काय येतंय?’